हंडे का काढले?

आज डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरका.

भाचीने ब्लॉग सुरू केलाय. कुठल्याशा क्लासला जाऊन लिहायला शिकते म्हणे. पहिलाच लेख गोदेच्या पुरावर, म्हणून कौतुकाने उघडला. पहिलं वाक्य : 'नाशिक हे गोदावरी नदीच्या काठी वसलेले एक ऐतिहासिक शहर आहे.' दुसरं : 'चला तर मग मित्रांनो, जाणून घेऊया नाशिकच्या पुराविषयी संपूर्ण माहिती.' पुढे गंगापूर धरण, विसर्ग, क्युसेक, आणि शेवटी 'निष्कर्ष'. पुराचा निष्कर्ष!

आणि हे त्या पोरीने लिहिलंय जिने गेल्या महिन्यात आमच्या नानाकाकांसमोर मांडी ठोकून सगळं ऐकलं होतं. नानांचं भांडीबाजारात दुकान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आत शिरलं तेव्हा ते आणि कामाला असलेला पोरगा माळ्यावर चढून बसले होते. नाना सांगतात, 'स्टीलच्या ताटांची चळत जागची हलली नाही. पण रिकामे हंडे सगळे तरंगायला लागले. लाइट गेलेली. अंधारात एकमेकांवर आपटायचे, टण्ण... टण्ण... मला वाटलं गिऱ्हाईकच आलंय, वाजवून बघतंय.'

हे पहिल्या मसुद्यात होतं. मी विचारलं, यातले नाना कुठे गेले गं? तर म्हणे, 'सरांनी काढायला लावलं मामा. पर्सनल आहे, कीवर्ड बसत नाही.'

हंडे काढले! अहो, तेवढेच तर वाचण्यासारखे होते!

क्युसेकचे आकडे पेपरात रोज येतात. नाशिककर त्यावरून पूर मोजतो का कधी? आपण विचारतो, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलंय? कमरेला लागलं म्हटलं की होळकर पुलावर बघ्यांची गर्दी, गळ्यापर्यंत म्हटलं की सराफ बाजारात आवराआवर. एवढी सोपी गोष्ट त्या सरांना कुणी सांगायची? वाचणाऱ्याला हाताला लागेल असं माप द्या. मग धरणातून किती सोडलं ते खाली एका ओळीत सांगा, तो आनंदाने वाचेल.

बरं, मान्य. शोधणाऱ्याला लेख सापडायला हवा, त्यासाठी शीर्षकात 'नाशिक', 'गोदावरी', 'पूर' हे शब्द लागतात. घाला की शीर्षकात. पण त्यासाठी पहिल्या परिच्छेदात तेच तीन शब्द सात वेळा दळायचे? माणूस असा बोलतो का? नाना कधी म्हणाले का, 'मी नाशिक शहरातील गोदावरी पूर पाहिला'? ते एकदम माळ्यावरूनच सुरू करतात. धरण, पाऊस, तारीख सगळं नंतर, आपण विचारलं की.

आमच्यातले काही जण जुने ब्लॉगवाले आहेत, त्यांना आठवत असेल. फुकटात ब्लॉग काढून देणारं 'ब्लॉगर' १९९९ साली आलं, २००३ मध्ये गूगलने घेतलं, पण आपल्याकडे खरी मजा सुरू झाली ती मराठी युनिकोडमध्ये टाइप करायला लागल्यावर. तोवर एकाच्या फॉन्टमधलं दुसऱ्याकडे चौकोन चौकोन दिसायचं. केवढा खटाटोप करून लिहायचे लोक! पण लिहायचे ते स्वतःचं. आजीचं लोणचं, पुण्याची बस, परदेशातला पहिला गणपती. २०१३ मध्ये सगळ्या ब्लॉगांवरचं नवीन एका जागी दाखवणारं गूगल रीडर बंद झालं आणि रोज सकाळी नवीन काय आलंय ते बघायची सवयच मोडली. (सगळंच काही छान नव्हतं. रटाळ कविता तेव्हाही ढिगाने होत्या.)

भाचीवर राग नाही. खरं तर तिच्याकडे कान आहे. 'गिऱ्हाईकच आलंय' हे वाक्य तिने नानांच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलं होतं, त्याचं 'ग्राहक आल्याचा भास झाला' केलं नव्हतं. हे शिकवून येत नाही. तिला एवढंच म्हटलं की लेख आईला मोठ्याने वाचून दाखव. आई जिथे मोबाइल हातात घेईल तिथून पुढचं काप. परिच्छेद छोटे ठेव, लोक फोनवर वाचतात. आणि 'संपूर्ण माहिती' हे शब्द आयुष्यात वापरू नकोस. पुराची संपूर्ण माहिती नानांकडेही नाही, त्यांच्याकडे एका दुकानाची आहे.

ती म्हणाली, सर मार्क कापतील. कापू देत. हंडे परत आलेत, मी आत्ताच बघितलं.

आता माझी भीती वेगळीच. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. 'कुंभमेळा : इतिहास, महत्त्व, संपूर्ण माहिती' असले लेख धो धो येणार, सगळे एकमेकांची कॉपी. मला वाचायचंय ते वेगळं. पर्वणीच्या दिवशी बॅरिकेडच्या आत अडकलेल्या घरात दूध कसं येतं? २०१५ ला पाहुणे किती दिवस राहिले आणि गाद्या कुठून आणल्या? पंचवटीत राहणाऱ्या कुणी हे लिहिलंत तर मला टॅग करा. शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी चालतील.