लोणारच्या भिंतीवर लवणासुर नको म्हणे!

डोकं फिरलंय राव. गावच्या भिंतीवर गावचीच गोष्ट रंगवायची, आधी सगळ्यांनी हो हो केलं, आणि आता मी परांचीवर चढलो की खाली उभा राहणारा प्रत्येक जण आर्ट डायरेक्टर! "भाऊ, राकशस कायले काढून राह्यले? अशुभ असते ना." अरे राक्षस काढला तर गोष्टीत उरतं काय? लवणासुर जमिनीखाली लपला, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं, त्याला मारला, त्याचं रक्त म्हणजे सरोवराचं पाणी आणि मांस म्हणजे मीठ, एवढं तर इथल्या शेंबड्या पोरालाही माहितीय. आणि दैत्यसूदनाच्या देवळात विष्णू त्याच राक्षसावर पाय देऊन उभाय, तिथं हात जोडताना नाही आठवत अशुभबिशुभ?

दुसरे म्हणतात उल्का दाखवा, सायंटिफिक वाटतं. दाखवलीय की बाबा, वरच्या कोपऱ्यातून येतेय, जरा मान वर करा. तिसऱ्याला पाणी गुलाबी पाहिजे, का तर २०२० च्या जूनमध्ये झालं होतं आणि टीव्हीवर आलं होतं. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे थोडे दिवस आलेला रंग तो, जन्मभर हिरवं पाणी बघतोय ते काय खोटं होतं? आणि सासू-सुनेची विहीर, एकाच विहिरीत एकीकडं गोड पाणी एकीकडं खारं, इतकी भारी गोष्ट, तिच्याबद्दल एक माणूस विचारेल तर शपथ. विचारतात काय, तर "सेल्फीसाठी पंख काढता का?"

भिंतीचं तर बोलूच नका. लोणा धरलेली, म्हणजे ओलीनं मीठ फुटून आलेली, खरवडून खरवडून बोटं सोलली, पुट्टी भरली, प्रायमर मारला, वाळू दिला, मग कुठं रंग धरायला लागला. आणि परवा सकाळी जातो तर लवणासुराच्या नेमकं तोंडावर कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर! गॉगल घातलेले भाऊ, खाली पन्नास शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, आणि चारही कोपऱ्यांत खिळे, त्यातला एक थेट राक्षसाच्या डोळ्यात. बॅनर उतरवला तर तासाभरात मलाच दम, "भाऊंच्या फोटोले हात लावायची हिंमत कशी झाली?" अरे वाढदिवस होऊन गेला, केक संपला, आता ती भोकं बुजवायला पुट्टीचे पैसे कोण देणार, शुभेच्छुक?