नावं, आकडे आणि खुलासा

बातमीतल्या चुकांवर एका माजी संपादकांचा लेख वाचला. स्थानिक बातमीत सर्वात जास्त चुका नावांत होतात, हे त्यांचं निरीक्षण अगदी पटलं. बातमी बहुतेकदा फोनवर घेतली जाते आणि ऐकलेलं नाव ओळखीच्या नावासारखं लिहून टाकलं जातं. म्हणून नाव, आडनाव, हुद्दा, वय सांगणाऱ्याला परत वाचून दाखवावं. निधनाच्या बातमीत तर दोनदा. ते कात्रण घरात वर्षानुवर्षं जपलं जातं, त्यातली चुकलेली वेलांटीसुद्धा माणसांना सलते.

आकड्यांबद्दल मात्र त्या लेखात अजून यायला हवं होतं. कराचा दर १० टक्क्यांवरून १२ टक्के झाला, की मथळा येतो 'करात २ टक्के वाढ'. प्रत्यक्षात १००० भरणाऱ्याला आता १२०० भरावे लागतात, म्हणजे वाढ २० टक्क्यांची! अंदाजपत्रकाचंही तसंच. यंदाची तरतूद फक्त गेल्या वर्षीच्या तरतुदीशी ताडून भागत नाही, प्रत्यक्ष खर्च बघावा लागतो. रस्त्यांसाठी ५० लाख ठेवले आणि खर्च झाले ८ लाख, तर खरी बातमी ही तफावतच. पण ती बरेचदा अंदाजपत्रकाच्या शेवटच्या तक्त्यांत असते आणि नुसत्या भाषणावरून बातमी करणाऱ्याला सापडत नाही.

चूक झाली, तर तिचा खुलासा ती छापलेल्या पानावरच यावा. ऑनलाइन मजकूर गुपचूप बदलणं मला साफ चूक वाटतं. काय बदललं आणि कधी, एवढी ओळ बातमीखाली हवीच. आणि संग्रहातली प्रतही दुरुस्त करा. नाहीतर वर्षभराने पार्श्वभूमी शोधणारा नवा बातमीदार तीच चूक पुन्हा उचलतो.