बिबट्या येऊ नये म्हणून दारात कुत्रा बांधू नका

बिबट्याला लांब ठेवायला कोणता कुत्रा घ्यावा, हे सांगणारा एक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि फार्महाउसवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो नारायणगावजवळ वस्तीवर राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोचला. आतेभावाने रॉटवायलरच्या पिल्लाचे पैसेसुद्धा भरून टाकले. घरामागे ऊस, आत्या झोपते पडवीत, आणि कुत्रा बांधायचा त्याच पडवीच्या खांबाला! आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं असं: दांडगा कुत्रा असला की बिबट्या फिरकत नाही, परदेशात तर अस्वलंही कुत्र्यांनी पळवतात, रात्री कुत्रा दारात बांधा, भुंकला की बॅटरी घेऊन बाहेर या, ट्रेकला गेलात तर त्याला पुढे मोकळा सोडा.

पहिला दावा मुळातच उलटा आहे. बिबट्या गावात येतो त्याचं एक मोठं कारण कुत्रा हेच आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचा आहार शोधला. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा जेमतेम ११ टक्के. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात, कुत्री बाहेर असतात. एवढं एक वाचलं तरी बाकीचा मेसेज वाचायची गरज उरत नाही.

आणि जात कोणतीही घ्या. बिबट्या समोरासमोर कुस्ती खेळायला येत नाही. तो उसातून दबकत येतो आणि थेट मान धरतो. कुत्रा पन्नास किलोचा असला तरी भरलेला नर बिबट्या वजनात त्याच्या बरोबरीचा किंवा त्याहून भारी असतो.

अस्वलाचं उदाहरण अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. फिनलंडकडची कॅरेलियन नावाची जात त्या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याचा वन्यजीव विभाग ती वापरतो. पण ती शिकवून तयार केलेली कुत्री असतात, सोबत बंदूकधारी अधिकारी असतात. शिवाय अस्वल काही कुत्रा खायला वस्तीत येत नाही, बिबट्या येतो. फरक इतका सरळ आहे.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो दारात बांधण्याच्या सल्ल्याचा. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, आडोसा घेता येत नाही. म्हणजे तुम्ही बिबट्याचं भक्ष्य स्वतःच्या हाताने उंबऱ्याशी आणून ठेवलंत. एकदा तिथे मिळालं की तो पुन्हा तीच वाट धरू शकतो. पुढे मेसेज सांगतो, भुंकला की बाहेर या. म्हणजे अंधारात दार उघडून म्हातारं माणूस बाहेर येणार, मागून एखादं पोर येणार, आणि दहा पावलांवर शिकार धरलेला बिबट्या! हे लिहिणाऱ्याने उसाच्या कडेला एक रात्र तरी काढली आहे का? कुत्रा भुंकला तर दार लावून घ्यायचं, आतून आवाज करायचा, दिवा लावायचा, शेजाऱ्यांना फोन करायचा. कुत्र्याचा खरा उपयोग एवढाच, की तो आधी सांगतो. तेही तो आतून सांगू शकतो.

मेसेजमध्ये कुत्र्याच्या गळ्यात बांधायच्या खिळ्यांच्या पट्ट्याचाही एका ओळीत उल्लेख आहे. त्याने मान वाचू शकते, हे खरं. बाकी अंग उघडंच राहतं.

ट्रेकला मोकळा सोडलेला कुत्रा भेकरामागे, सशामागे धावतो आणि घाबरला की तुमच्याकडेच पळत येतो, कधी मागे कुणाला तरी घेऊन. त्याला घरी ठेवा.

कुत्रा असेल तर त्याला रात्री घरात घ्या, नाहीतर चारही बाजूंनी आणि वरूनही लोखंडी जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा. वरची जाळी विसरू नका, बिबट्या सहज चढतो. कोंबड्यांची घाण, उरलंसुरलं अन्न घराजवळ टाकू नका, त्यावर भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे तो येतो. अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाहेर पाठवू नका, आणि पडवीत झोपणं बंद करा, कितीही उकडलं तरी. बिबट्या दिसला तर गर्दी करून मागे लागू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.