आधी गाणी सांग, मग तारा मोजू

आज डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांच्यासाठी बेस म्हणजे "ती जाड तारांची गिटार" एवढंच आहे त्यांनी खुशाल पुढे सरका, राग नाही.

झालं असं, रिहर्सलला एक पोरगा आला होता, ड्रमरच्या ओळखीतला, कॉलेजातला असावा. सोबत फोर स्ट्रिंग. साधाच बेस, पण सेटअप व्यवस्थित, तारा स्वच्छ, आणि पोरगा टायमात वाजवत होता. टायमात! तुम्हाला सांगायला नको ही गोष्ट किती दुर्मिळ आहे ते. दोन गाणी झाली, ब्रेक झाला, आणि आमचे एक गिटारिस्ट महाशय (नाव घेत नाही, वाचतीलच) त्याच्याकडे वळून म्हणतात, "अरे चारच तारा? हा विकून टाक आणि फाइव्ह घे, खरं तर डायरेक्ट सिक्सच घे, आजकाल चारवाल्याला बोलावतं कोण?" ज्या माणसाच्या स्वतःच्या गिटारीला सहा तारा आहेत आणि त्यातल्या वरच्या तीनच वाजतात, त्याने हे सांगावं. पोराचं तोंड एवढंसं झालं. नंतर केबल गुंडाळताना मला हळूच विचारतो, "दादा, खरंच विकू का?"

मी त्याला तिथल्या तिथे धड उत्तर देऊ शकलो नाही कारण मी चिडलो होतो. म्हणून इथे.

मी हाच प्रश्न माझ्या सरांना विचारला होता. सर स्वतः फाइव्ह वाजवायचे, त्यामुळे मला वाटलं हो म्हणतील आणि मी मोकळा. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तू सध्या जेवढी गाणी वाजवतोस त्यांची यादी कर आणि प्रत्येक गाण्यापुढे त्यातला सगळ्यात खालचा स्वर लिहून आण." बस. मला तेव्हा हा गृहपाठ वाटला होता, म्हटलं हे काय, मी बेस घ्यायचं विचारतोय आणि हे मला कारकुनी देतायत. पण आणला लिहून. त्यांनी पेन घेतलं, वरून खाली आले, आणि जिथे ई च्या (माझ्या सगळ्यात जाड तारेच्या मोकळ्या स्वराच्या) खाली काही होतं तिथे गोल केला. गोल मोजकेच. आणि त्या गोलातले बहुतेक डी.

आता तुम्ही सगळे जाणकार, तरी एकदा सांगतो. चार तारा म्हणजे ई-ए-डी-जी, खालचा मोकळा ई साधारण ४१ हर्ट्झ. पाचवी तार घेतली की खाली बी येतो, ३१ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे एवढा खर्च, एवढा रुंद नेक (वाद्याची दांडी), एवढी जाड तार कशासाठी, तर खाली पाच जास्तीचे स्वर मिळतात. पाच. आणि डी हवा असेल तर ई तार एक स्वर खाली उतरवायची, नाहीतर डी-ट्यूनर बसवायचा, खुंटीवरचा एक खटका खाली केला की डी, वर केला की परत ई, चालू गाण्यात होतं हे. माझ्या त्या कागदावरचे बहुतेक गोल या एका खटक्यात संपले.

हां, आता कुणीतरी म्हणणार की फाइव्ह फक्त खालच्या स्वरांसाठी नसतो, हात एका जागी ठेवून वाजवता येतं, पाचव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्या) बसलं की ई पासून वर सगळं हाताखाली. बरोबर आहे. मान्य.

पण मला खरी चीड कशाची येते ते सांगतो. लोकांना वाटतं तार वाढवली की वाजवायला जास्त मिळतं. नाही हो! तार वाढवली की गप्प ठेवायला जास्त मिळतं. बेसचं निम्मं काम न वाजणाऱ्या तारा न वाजू देण्याचं आहे आणि हे गिटारवाल्यांना आयुष्यात कळत नाही. ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटला बी वाजवा, खालची मोकळी बी तार कुणी हात न लावता घुमायला लागते. ती बी तार म्हणजे खोलीत झोपवलेलं तान्हं बाळ आहे, जरा कुठे खुट्ट झालं की सुरू. घरी छोट्या अॅम्पवर पत्ता लागत नाही, मोठ्या सिस्टिमवर गेलात की सगळ्या गाण्याखाली गढूळ पाणी साचल्यासारखं होतं आणि साउंडवाला बिचारा लो कापत बसतो. म्हणजे ज्या खर्जासाठी पैसे मोजले तोच कापला जातो. मजा आहे की नाही.

सरांचा उजवा हात मी तासन् तास बघितलाय. ई वाजवताना अंगठा बी वर टेकलेला. ए वर गेले की अंगठा ई वर सरकलेला आणि त्याचा कडेचा भाग बी ला चिकटून. डी वर गेले की अनामिका मागच्या तारेवर अलगद पडलेली. अख्ख्या गाण्यात बी तार एकदाही वाजायची नाही, पण तिच्यावर हाताचं काही ना काही कायम असायचं. हे ज्याला जमतं त्याने पाच काय, सहा घ्याव्यात. त्या पोराचा अंगठा आज पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी डबीवर) घट्ट रोवलेला होता, आणि चार तारांना ते चालून जातं. त्याच्या हातात उद्या सिक्स दिला तर पुढची दोन वर्षं तो संगीत सोडून तारा गप्प करत बसेल. आणि मग हेच महाशय म्हणतील, "आवाज स्वच्छ येत नाही रे तुझा."

आणि चारवाल्यांनो, तुम्ही लगेच टाळ्या वाजवू नका! तुमच्यावरही येतोय. "जाकोला चार पुरल्या, तुला का पुरत नाहीत?" हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सरकतं. बेसवाल्यांचा देव जाको पास्टोरियस, त्याला फ्रेटसुद्धा लागले नाहीत, मग तुम्हीही उपटा की तुमचे. जेम्स जेमर्सन मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची ती सगळी गाणी चार तारांवर, जुन्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवर, उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवून गेला. म्हणून आपण बाकीची बोटं बांधून ठेवायची का? टोनी लेविनने तीन तारांचा बेस वाजवलाय, मॉर्फिन बँडचा मार्क सँडमन दोन तारांवर स्लाइड (तारेवर घसरवायची नळी) घेऊन अख्खा बँड चालवायचा. दोन तारा! तो आकडा धरून बसायचं का मग? त्यांना त्यांच्या गाण्यात काय हवं ते माहीत होतं, तारा नंतर आल्या.

चार हा आकडाही काही आकाशातून पडलेला नाही. १९५१ मध्ये फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला तेव्हा समोर उभा धरून वाजवायचा मोठा डबल बेस होता, त्याच्या चार तारा आणि तेच ट्यूनिंग उचललं, कारण तेच वाजवणारे लोक हा घेणार होते. मग १९६५ मध्ये फेंडरनेच पाच तारांचा बेस काढला, पण पाचवी तार दिली वरची, पातळ सी, आणि नेकला फ्रेट जेमतेम पंधरा. चालला नाही, थोड्याच वर्षांत बंद. का चालला नाही? माझ्या मते ती तार कुठल्या गाण्याला हवी आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. याउलट बेस वाजवणारा अँथनी जॅक्सन. त्याचं म्हणणं सरळ होतं की हा वाद्यप्रकार गिटारच्या घरातला आहे तर याला सहा तारा का नाहीत, आणि १९७५ मध्ये वाद्यं बनवणाऱ्या कार्ल थॉम्पसनकडून त्याने तो बनवून घेतला, खाली बी, वर सी. त्याच्या डोक्यात आधी संगीत होतं. आमच्या महाशयांच्या डोक्यात काय होतं तर "बोलावतं कोण".

बरं, थोडा शांत झालो, चहा झाला मधे. खरं सांगायचं तर तो माणूस वाईट नाही, पोराचं भलंच चिंतत होता. आणि त्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे जी मला कबूल करावी लागतेय, की गायकाचा गळा बसला आणि एफ चं गाणं ई-फ्लॅटला, म्हणजे मोकळ्या ई च्याही खाली, आलं की चारवाला अडकतो, एक तर सप्तक वर उडी मारायची नाहीतर लाइन बदलायची, आणि कोरसला नेमका तळच निघून जातो. सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) बेसवर रचलेली गाणी तर सर्रास सी, डी-फ्लॅटला उतरतात. ऐंशीच्या दशकात सिंथ आला आणि बेसवाल्यांना खाली जावंच लागलं, १९८७ ला स्टिंगरे फाइव्ह हा पाचतारी बेस आला आणि मग पाच तारा सगळीकडे दिसायला लागल्या, ते काही उगाच नाही.

मी स्वतः फाइव्ह घेतला तो असाच. सरांचा कागद मी ठेवला होता, बँड बदलला, गाणी बदलली, यादी नव्याने लिहिली आणि अर्ध्या पानावर गोल आले. तेव्हा सरांनी दुसरा प्रश्न विचारला जो पहिल्या वेळी विचारला नव्हता: "ही गोलातली गाणी तुला आवडतात, की नुसती वाजवावी लागतात?" मी म्हटलं आवडतात. "मग घे." एवढंच. वाजवावी लागतात म्हटलं असतं तर काय म्हणाले असते ते मी कधी विचारलं नाही.

पण त्या पोराचं काय? त्याने यादी करावी. गोल कमी आले तर आहे त्याच बेसवर राहावं, खटका बसवावा. गोल सगळीकडे आणि वरचा जी फारसा लागत नाही असं असेल तर चारच तारा ठेवून बी-ई-ए-डी लावता येतं, जाड तारांसाठी नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा थोड्या रुंद कराव्या लागतात, कुणा हुशार माणसाकडून करून घ्यायच्या, स्वतः कानस चालवू नये. हे लोक विसरूनच जातात, जणू चार आणि पाच यांच्यामध्ये काही नाहीच.

आणि घ्यायचाच ठरला फाइव्ह, तर ऐकून ठेव बाबा. बी तार मोकळी वाजवून खूश होऊ नकोस, मोकळी सगळ्यांचीच गडगडते. तिच्या पाचव्या फ्रेटला ई वाजव आणि मग शेजारची मोकळी ई वाजव. स्वर तोच आहे, दोन्हींचा पोत जवळपास सारखा आला पाहिजे. बी वरचा फसफसला, नुसता धप्प झाला, तर तो बेस खाली ठेव, तारा बदलून बघायला सांग, नाहीतर ३५ इंची स्केलचा, म्हणजे जास्त लांब तारांचा, मागव (डिंगवॉल कंपनीवाले बी तार ३७ इंच लांब ठेवतात ते याच्यासाठीच). स्टुलावर बसून ठरवू नकोस, पट्टा लावून उभा राहा आणि हात सोड, हेड (नेकचं खुंट्यांकडचं टोक) खाली जायला लागलं तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात नेक उचलण्यातच जाईल. आणि बी च्या तळाचं कौतुक फोनवर रेकॉर्ड करून ऐकू नकोस, फोनला ३१ हर्ट्झ झेपत नाही, तुला जे ऐकू येतं ते वरचे हार्मॉनिक्स (त्याच स्वराचे उपस्वर) असतात.

सिक्सबद्दल मी बोलत नाही. ज्याला बेसवर कॉर्ड आणि सोलो वाजवायचेत त्याला ती सी तार लागते, तो कुणाला विचारत बसत नाही, विचारत असशील तर तुला नकोय.

कुणाकडे चारतारीचा जुना डी-ट्यूनर पडून असेल तर मला मेसेज करा. कुठल्या खुंट्यांना बसतो ते आधी सांगा, मागच्या वेळी एकाने दिलेला बसलाच नाही.