पुन्हा तेच, 'बेब रूथनंतर पहिलाच'

बेसबॉलमधला जपानी खेळाडू शोहेई ओतानी एकाच सामन्यात पिचिंग करतो (म्हणजे चेंडू टाकतो), बॅटने होमरनही मारतो, की लगेच समालोचकांचं पालुपद सुरू: 'बेब रूथनंतर असा पहिलाच!' डोकं उठतं अक्षरशः. ओतानीवर जीव आहे माझा. जुन्या काळचा रूथही थोरच. पण दोन्ही कामं त्याने नेमाने केली ती जेमतेम १९१८ आणि १९१९ या दोन मोसमांत. यांकीज संघाकडे गेल्यावर पिचिंग जवळजवळ सुटलंच. आणि त्याच १९२०च्या दशकात कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचा बुलेट रोगन वर्षानुवर्षं पिचिंग करत होता, पिचिंग नसेल त्या दिवशी आउटफील्डला उभा राहून बॅट चालवत होता. क्यूबाचा मार्टिन दिहिगोही तसाच. कातडीच्या रंगापायी या माणसांना अमेरिकेतल्या सर्वोच्च मेजर लीगची दारं बंद होती, एवढाच काय तो फरक. २०२४मध्ये मेजर लीगने निग्रो लीग्जची (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग्जची) आकडेवारी अधिकृत नोंदींत घेतली, तिथल्या जॉश गिब्सनची बॅटिंगची .३७२ सरासरी मेजर लीगच्या टाय कॉबच्या .३६७च्या वर गेली. म्हणजे आता कागदही समोर आहे. तरी तोंडात नाव एकट्या रूथचंच! अहो, रोगन १९९८पासून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. ओतानी पुढच्या वेळी पिचिंगला माउंडवर येईल तेव्हा एकदा तरी घ्या की रोगनचं नाव!