माझ्या सेलचा उजेड निफाडात

आज सकाळी सव्वासहाला फोनवर फोटो आला. द्राक्षबागेतली पत्र्याची शेड, खिळ्याला टांगलेला एलईडी बल्ब, आणि खाली फळीवर सुतळीने आवळून बांधलेले माझे दोन सेल. माझे म्हणजे माझ्या गाडीच्या बॅटरीचे. अकरा दिवसांपूर्वी ‘मेलेले’ म्हणून मी ते सोडून दिले होते. तिकडे त्यांच्यावर रात्रभर बल्ब जळत होता. फोटोखाली मजकूर : ‘झकास. राम राम.’

आणि माझी गाडी खाली पार्किंगमध्ये पुन्हा लाल त्रिकोण लावून उभी आहे.

गाडी जपानी हायब्रीड, २०११ची, सेकंडहँड. घेताना मी चारचौघांत मिरवलं होतं की ट्रॅफिकमध्ये ही बॅटरीवर चालते, इंजिन गप्प बसतं. ते खरंच आहे, आणि म्हणूनच तिने मान टाकायला नाशिकचं द्वारका सर्कल निवडलं. स्क्रीनवर ‘चेक हायब्रीड सिस्टीम’, इंजिन केकाटायला लागलं, आणि मागच्या सीटशेजारचा बॅटरीचा पंखा असा घोंघावू लागला की बाजूचा रिक्षावाला वाकून म्हणाला, “साहेब, मागं मिक्सर चालू राह्यलाय.”

शोरूममध्ये कोड निघाला पी-झिरो-ए-एटी. अर्थ : पूर्ण पॅक बदला. आकडा दोन लाखांच्या वर. गाडी विकली तरी तेवढे आले असते की नाही, देव जाणे. मी विचारलं, खराब असतील तेवढेच सेल बदलता येतील का? तर म्हणे, पॉलिसी नाही. एक कौल फुटलं म्हणून घर पाडून नवं बांधा, आणि वर ‘फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्या सर’. मी पाच दिले. त्यावरही तिथून फोन आला, का दिले म्हणून.

मग अंबडचा एक मेस्त्री सापडला. त्याने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून अपघातात गेलेल्या २०१५च्या गाडीचे चार सेल मागवले, एकाला अडीच हजार. गॅरेजात त्यांना सेल म्हणतात एवढंच. खरं तर तो प्लॅस्टिकचा चपटा डबा, आत सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे डबा ७.२ चा. असे २८ डबे एकामागे एक जोडले की २०१.६ व्होल्ट. साखळीच ती, एक अडला की बाकीचे सत्तावीस तोंड बघत बसतात. आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं, पण तो विषय नको.

मेस्त्रीने मागची सीट काढली, बॅटरीचा केशरी सेफ्टी प्लग उपसून खिशात टाकला आणि म्हणाला, “आता दहा मिनटं कोणी हात लावायचा नाही. कपॅसिटरमध्ये करंट राहतो.”

ती दहा मिनिटं नानांनी घेतली.

नाना निफाडकडचे बागायतदार. पिकअपचा सेल्फ दुरुस्त करायला आलेले. पांढरी टोपी, खिशात छाटणीची कात्री. ते माझ्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालून आले.

“साहेब, ही लायटीवर चालती का पेट्रोलवर?”

“दोन्हींवर.”

“मंग आता कशावर बंद पडली?”

मी हसलो नाही. मेस्त्रीचा पोऱ्या हसला. त्याचा हिशोब मी डोक्यात ठेवला आहे.

“पाणी टाकलं का बॅटरीत?”

“यात पाणी टाकायचं नसतं, नाना. सीलबंद असते.”

“पाणी नाही?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी जनावर ठेवून त्याला पाणी पाजत नाही. “मंग जगली कशी इतकी वर्षं?”

दहा मिनिटं संपली. चाळीसेक किलोचं ते धूड बाहेर निघालं. पंख्याच्या जाळीत चिवड्याचे पोहे, शेंगदाण्याची सालं आणि सासूबाईंच्या शालीचा धागा. ती जाळी उघडी ठेवायची असते. आमच्याकडे तिच्यासमोर कायम सासूबाईंची पिशवी असते. मी हे घरी बोललेलो नाही.

मेस्त्री हातमोजे घालून हेडलाइटचा बल्ब लावत एकेक डबा मोजत होता आणि खडूने व्होल्टचे आकडे लिहीत होता. पावणेआठ, पावणेआठ, साडेसात, आणि मधेच साडेसहा. असे साडेसहावाले चार. प्रत्येकात एकेक सेल गेलेला. नाना गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

“म्हंजी नांग्या भरायच्या. बागेत चार वेली मेल्या तर आपण तिथं नवं कलम लावतो. डॉगरीजचा खुंट, त्यावर थॉमसनची काडी. पण साहेब, जुन्या बागेत नवी वेल लावली ना, तर तिची शेजारीण उघडी पडती. आज ह्या चार बदलल्या. आता पाचवी दम टाकील.”

मेस्त्री मान खाली घालून म्हणाला, “नाना बरोबर बोलून राह्यले.”

हे मला आधी सांगायचं होतं ना! म्हणाला, “तुम्ही विचारलंच नाही.”

डब्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. मेस्त्री पॉलिशपेपर शोधू लागला. नाना म्हणाले, “चिंच लावा. देव घासत नाही का?” आणि पोऱ्याला शेजारच्या टपरीवर पिटाळलं. चिंच आली. पट्ट्या देव्हाऱ्यातल्या पंचपात्रासारख्या लखलखल्या. ऑटोमोबाइलवरचे व्हिडिओ मी दोन आठवडे पाहत होतो. त्यातला एकही चिंचेपर्यंत पोहोचला नव्हता. मग सगळे डबे रात्रभर समांतर जोडून ठेवले, जुन्या-नव्यांचा व्होल्टेज एका पातळीवर यावा म्हणून.

निघताना नानांनी काढलेले चार डबे हातात तोलले. “हे काय करणार?”

“भंगारात.”

“दोन जोडले तर तेरा व्होल्ट. ट्रॅक्टरच्या बॅटरीएवढं. माझ्याकडं सोलरची पाटी हाये. नेऊ का?”

मी मोठ्या मनाने न्या म्हणालो. त्यांनी पिशवीही मागितली. दिली. कापडी होती, चांगली होती. एवढं झाल्यावर त्यांच्या पिकअपचं काम आधी झालं, कारण छाटणी तोंडावर आली होती. मी अडीच तास स्टुलावर.

गाडी दहा दिवस रेशमासारखी चालली. काल संध्याकाळी, पुन्हा द्वारका, पुन्हा मिक्सर. मेस्त्री फोनवर म्हणाला, “सतरा नंबर गेला असेल. त्याच्यावर मला डाऊट होताच.”

आत्ता हे लिहिताना नानांचाच फोन आला. मी मनाचा मोठेपणा राखून बल्बचं कौतुक केलं.

“दुसरा पंपावर लावलाय,” ते म्हणाले. “पाचवीनं दम टाकला का?”

“टाकला.”

“मंग ठेवा बाजूला. जोडीला आणखी एक निघाली की कळवा. गोठ्यात अंधार हाये.”