अभिजात गुन्हेगारी कादंबरीचा चित्रमय मुडदा कसा पाडावा

एखादी जुनी, गाजलेली न्वार, म्हणजे काळोख्या वळणाची गुन्हेगारी कादंबरी चित्रकादंबरीत उतरवायचं मनावर घेतलंय ना तुम्ही? झकास. मूळ लेखक बहुधा हयात नसतो आणि गिऱ्हाईक मुखपृष्ठावरची हॅट बघूनच पुस्तक उचलतं. म्हणजे तुम्हाला अडवायला कुणी नाही. मी नुकतंच असं एक रूपांतर स्वतःच्या पैशाने विकत घेतलं आणि जिद्दीने शेवटपर्यंत वाचलं. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? पण त्यातून जे ज्ञान पदरात पडलं ते एकट्याने भोगवत नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

सगळ्यात आधी, मूळ कादंबरी वाचण्याच्या फंदात पडू नका. सिनेमा बघा. डॅशिएल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' पुस्तकरूपात १९३० साली आली आणि पहिल्याच परिच्छेदात त्याने आपल्या गुप्तहेराचं, सॅम स्पेडचं थोबाड नीट रेखून ठेवलं. लांब हाडकुळा जबडा, हनुवटीपासून केसांच्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा येणारा व्हीचा आकार, फिके केस, आणि एकूण रूप सोनेरी केसांच्या सैतानाचं. चित्रकाराला याहून तयार माल कोण देणार? पण तुम्ही तिकडे बघू नका. १९४१च्या सिनेमात हम्फ्री बोगार्ट होता, काळ्या केसांचा. तोच काढा. रेमंड चँडलरचा गुप्तहेर मार्लो असला तरी बोगार्ट, हॅमेटचाच दुसरा गुप्तहेर कॉन्टिनेन्टल ऑप असला तरी बोगार्ट. ऑप बुटका, जाडा आणि चाळिशीचा आहे, हे वाचायला कोण बसलंय!

पाऊस मात्र हवाच. 'द बिग स्लीप'मध्ये चँडलरने पाऊस पाडला आहे ना, मग तो सगळ्यांनाच लागू. जेम्स केनची माणसं कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात खुनाचे बेत करतात आणि त्या उन्हामुळेच ते बेत जास्त किळसवाणे वाटतात, हा त्याचा दोष समजा आणि दुरुस्त करा. हॅमेटच्या 'रेड हार्वेस्ट'मधलं पर्सनव्हिल हे खाणींचं गाव, भट्ट्यांच्या धुराने काजळलेलं. धूर काढायला वेळ लागतो. तिरक्या रेघा मारा, पाऊस झाला.

खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या प्रत्येक भिंतीवर. खिडकी नसलेल्या भिंतीवरही.

बाई खोलीत शिरते तेव्हा आधी तिचे पाय शिरले पाहिजेत. चेहरा पुढच्या पानावर, जागा उरली तर.

चँडलरच्या उपमांचं काय करायचं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. सोपं आहे. त्याच्या कादंबरीतला अवाढव्य गुंड मूस मलॉय रस्त्यावर किती उठून दिसतो हे सांगताना तो केकच्या तुकड्यावर बसलेल्या विषारी कोळ्याचा दाखला देतो. तुम्ही सरळ केक काढा, त्यावर कोळी काढा, आणि बाजूला मूस. वर तेच वाक्य छापा. विनोद तीनदा सांगितला की तिप्पट हसू येतं.

आता मुख्य विषय, निवेदनाच्या पट्ट्या. यात तरबेज झालात तर बाकी काही आलं नाही तरी चालेल. मी वाचलेल्या त्या थोर पुस्तकातलं एक पान नमुन्यादाखल देतो. पहिल्या चौकटीत गुप्तहेर जिना चढतोय. वर पट्टी: 'मी जिना चढलो.' दुसऱ्या चौकटीत दार अर्धवट उघडं. पट्टी: 'दार अर्धवट उघडं होतं.' शिवाय फुगा: 'दार उघडं कसं?' तिसऱ्या चौकटीत जमिनीवर माणूस, छातीत सुरी, रक्ताचं थारोळं. पट्टी: 'तो मेला होता.' आणि शेजारी लाल ठसठशीत अक्षरांत 'धस्स!' हा धस्स कुणाचा? सुरी आधीच घुसलेली, माणूस आधीच गार झालेला. मी ते पान उलटसुलट करून पाहिलं. धस्सचा धनी काही सापडला नाही.

तर अशा पट्ट्या घाला, भरपूर घाला. चित्र जे दाखवतं तेच शब्दांनी सांगा, कारण वाचकाला डोळे असतात हे कुठे सिद्ध झालंय? चित्रकार डार्विन कुकने २००९ साली रिचर्ड स्टार्कची 'द हंटर' रूपांतरित केली तेव्हा या बाबतीत घोर हलगर्जीपणा केला. तिचा नायक, दरोडेखोर पार्कर, पुलावरून चालत न्यूयॉर्कात येतो, बनावट परवाना तयार करतो, दुसऱ्याच्या नावावर बँकेतून पैसे उचलतो, अंगावर नवे कपडे चढवतो, आणि ही सगळी सुरुवातीची पानं जवळजवळ मुकी! काळी शाई आणि जोडीला एकच निळसर छटा, बस. माणूस कसा चालतो, लोक त्याच्याकडे बघून कसे बाजूला होतात, यावरूनच तो काय चीज आहे ते कळतं. १९६२च्या कादंबरीतली वाक्यं गाळली आणि त्यातला थंडपणा मात्र जसाच्या तसा आणला. म्हणजे त्याने कादंबरी वाचली होती. वाचून, पचवून, मग पेन्सिल हातात घेतली होती. शी!

फ्रान्सचा चित्रकार जाक तार्दी, त्याचंही तेच. लेखक लेओ मालेच्या नेस्तॉर बुर्मा या गुप्तहेराला त्याने १९८२ साली कागदावर आणलं ते पॅरिसच्या तेराव्या विभागातले खरेखुरे रस्ते आणि तॉल्बियाकचा पूल काढून. पुढे मांशेत या फ्रेंच गुन्हेकथाकाराच्या कादंबऱ्या घेतल्या. मांशेत पात्रांच्या मनात शिरत नाही, ती काय करतात तेवढंच कोरडेपणाने नोंदवतो, आणि तार्दीची रेघही तशीच कोरडी राहते. एवढे कष्ट घेण्यापेक्षा पट्टीवर 'त्याला आतून रिकामं वाटत होतं' असं लिहून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

काय बिघडलं असतं ते सांगतो. 'माल्टीज फाल्कन'मध्ये स्पेडच्या डोक्यात काय चाललंय हे हॅमेट अख्ख्या कादंबरीत एकदाही सांगत नाही. एकदाही नाही! भागीदार मारला गेल्याचा फोन येतो तो अंधारात. घंटी वाजते, पलंगाच्या स्प्रिंगा करकरतात, काहीतरी लहानसं जमिनीवर पडतं, एक आवाज तुटक शब्द बोलतो. मग दिवा लागतो. आणि मग स्पेड पलंगावर बसून सिगारेट वळतो. कागदात तंबाखू पसरणं, मधे किंचित खळगा ठेवणं, अंगठ्यांनी कागदाची कड आत सारणं, जीभ फिरवून चिकटवणं, सगळं सावकाश. तो दुःखी आहे? सुटल्यासारखं वाटतंय त्याला? भागीदाराच्या बायकोशी याची भानगड आहे, मग आता हा काय करणार? काही म्हणजे काही कळू देत नाही. फक्त बोटं दाखवतो. हा माणूस भ्रष्ट आहे की नाही, अशील म्हणून आलेल्या बाईवर त्याचं प्रेम आहे की नाही, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत टांगणीला राहतं ते याच्याच जोरावर. चौकटी पाडून दिल्यात हो हॅमेटने! एक काळी चौकट, मग बोटांच्या सहा-सात चौकटी, मग दार. आणि तिथे कुणीतरी पट्टी डकवून 'मला वाईट वाटलं' असं लिहिलं, तर त्या कादंबरीतलं सगळं रहस्यच त्याने मारलं. ज्याच्यामागे सगळे धावतात तो ससाण्याचा पुतळा कुणाकडे आहे हे कुणाला हवंय? हा माणूस कोण आहे, ते रहस्य आहे!

हॅट, पाऊस, सावल्या यांतलं काहीही न घेता न्वार काढता येतं. आतलं काय ते सांगायचं नाही, एवढं पाळता आलं पाहिजे. आणि चित्रकथेत तर ते फुकटात मिळतं. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या फटीत वाचक आपोआप उडी मारतो, तुम्ही फक्त ती फट बुजवू नका. पण नाही. तुम्हाला भीती वाटते. वाचकाला कळलं नाही तर? अहो, हा वाचक शंभर वर्षं हेच वाचत आलाय, त्याला सगळं कळतं. तुम्हाला कळलेलं नाही, म्हणून तुम्ही पट्ट्या लावता. चित्रकार चांगला होता त्या पुस्तकाचा, याचाच जास्त राग येतो. त्याची प्रेतं बोलकी होती, शाईवर हात बसलेला होता, आणि प्रत्येक पानावर कुणीतरी त्याच्या डोक्यावर वाक्यांच्या विटा रचून ठेवलेल्या. एका संपादकाला वाटलं नाही, एकदा पट्ट्या झाकून पानं वाचून बघावीत? तेवढं केलं असतं तर निम्म्या खोडाव्या लागल्या असत्या. पण हे करायला टेबलापाशी बसून पुस्तक वाचावं लागतं, आणि तिथेच तर सगळं अडलंय.

आणि कृपा करून मलपृष्ठावर खुनी काढू नका. हातात पिस्तूल, समोर प्रेत, वर त्या माणसाचं नाव असलेला फुगा. हे लिहून सांगावं लागतंय मला!